जुन्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर साडेनऊ हजार सांगतायत, स्वस्तात काही होईल का?

इंदिरानगर_पेट्रोलवाला
नमस्कार मंडळी. 2009 ची पेट्रोल सेडान आहे, कंपनीने भारतातला गाशा कधीच गुंडाळलाय, नाव मुद्दाम घेत नाही नाहीतर इथे लगेच ब्रँडवरून भांडणं सुरू होतात. महिनाभर चेक इंजिनचा लाइट लागतोय आणि अ‍ॅव्हरेज चौदावरून अकरावर आलाय. एका वर्कशॉपमध्ये स्कॅन केलं तर पी0135 कोड आला, म्हणे पुढचा ऑक्सिजन सेन्सर गेला, ओरिजिनल साडेनऊ हजार प्लस लेबर, आणि तोही ऑर्डर टाकून पंधरा दिवसांनी. गाडी विकायला काढली तर साठ-सत्तर हजार येतील, त्यात सेन्सरलाच दहा हजार घालायचे म्हणजे जिवावर येतं हो. रोजचं रनिंग इंदिरानगर ते अंबड एमआयडीसी, बस. नाशिकमध्ये दुसरा काही मार्ग आहे का?

सिडको_वायरमन
भाऊ आधी घाई करू नका. पी0135 म्हणजे सेन्सर गेला असं नाही, सेन्सरच्या आत जो हीटर असतो त्याच्या सर्किटमध्ये लोचा आहे एवढंच तो कोड सांगतो. फ्यूज उडालेला असू शकतो, कनेक्टरला हिरवा गंज चढलेला असू शकतो, उंदराने वायर कुरतडलेली असू शकते (पावसाळ्यात हे फार चालतं, शेताकडेला पार्किंग असेल तर विचारूच नका). कनेक्टर सोडवा, सेन्सरच्या बाजूला ज्या दोन वायर एकाच रंगाच्या आहेत त्यांच्यात मल्टीमीटर लावा. इंजिन गार असताना काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, मग फ्यूज आणि वायरिंग बघा. मीटर काहीच दाखवत नसेल तर मात्र हीटर तुटलाय, सेन्सर बदलावाच लागेल.

आणि अ‍ॅव्हरेज का पडला ते पण यातच आहे. हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, पण साधारण तीनशे डिग्री गरम झाल्याशिवाय नीट बोलतच नाही, हीटर मेला की सायलेन्सरच्या गरमीवर तापायला वेळ लागतो, तोपर्यंत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजाने पेट्रोल टाकतो आणि तुमचं तर गाडी तापेपर्यंत ऑफिसच येतं. कसारा घाट उतरून मुंबईला जाऊन बघा, तेव्हा अ‍ॅव्हरेज एवढा पडलेला दिसणार नाही.

जुगाड_अंबडलिंक
पूर्वी हा प्रश्न पडलाच नसता, लिंक रोडच्या भंगार बाजारात जाऊन पाचशेत काढून आणला असता. मनपाने बाजार पाडला तेव्हापासून आमच्यासारख्यांची पंचाईत झालीय. तरी ओळखीच्या भंगारवाल्याला विचारून ठेवा, अ‍ॅक्सिडेंटची गाडी आली की काढून देतात.

तात्या_पंचवटी
जुगाडराव, थ्रॉटल बॉडी, एअरफ्लो मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा), अगदी ईसीयूसुद्धा भंगारातून आणा, माझी ना नाही. ऑक्सिजन सेन्सर आणू नका. तो झिजणारा पार्ट आहे, कायम धुरात असतो, ऑइल जळणाऱ्या इंजिनमधला असेल तर टोकावर राख बसलेली असते, आणि भंगारात आलेली गाडी किती चालली होती कुणाला माहीत. पाचशेत आणाल आणि सहा महिन्यांनी परत तिथेच.

आता मुद्द्याचं. गाडीवाल्या कंपन्या सेन्सर स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो, एनटीके असे मोजके लोक बनवतात आणि गाडीवाले आपल्या पुडक्यात घालून विकतात, पैसे त्या पुडक्याचे. जुन्या सेन्सरवर नंबर कोरलेला असतो, पुसून बॅटरीच्या उजेडात बघा. बॉशचा असेल तर दहा आकडी, 0 258 ने सुरू होणारा. तो नंबर घेऊन दुकानात जा, गाडीचं नाव सांगूच नका. गाडीचं नाव सांगितलं की "आता मिळत नाही साहेब" हे ठरलेलं उत्तर येतं. इथे द्वारकाला नाही मिळाला तर पुण्यात नाना पेठेत फोन लावा, नंबर असला की ते कुरियर करतात.

त्या नंबरचा नाहीच मिळाला तर युनिव्हर्सल सेन्सर येतो. तो कनेक्टरशिवाय येतो, तुमच्या जुन्याचा कनेक्टर कापून त्याला जोडायचा. गाडी बनवणाऱ्याने वापरलेलीच जात असते, फक्त वायर आणि प्लग तुमच्या हातात. पण चार वायर दिसल्या म्हणून साधा सेन्सर समजू नका, काही जपानी गाड्यांमध्ये पुढचा सेन्सर चार वायरचाच असतो पण एअर-फ्युएल प्रकारचा (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा) असतो, त्याला साधा युनिव्हर्सल चालत नाही. म्हणून परत तेच, आधी नंबर.

इंदिरानगर_पेट्रोलवाला
तात्या आणि वायरमन दोघांचे आभार. मीटर लावला, काहीच दाखवत नाही म्हणजे हीटर गेलाच. नंबर मिळाला, बॉशचाच आहे. एक दुकानदार युनिव्हर्सल तीन हजारांच्या आत देतो म्हणाला. वायर जोडायची कशी? आमच्या गल्लीतला रिवाइंडिंगवाला म्हणतो सोल्डर मारून देतो, पक्कं होईल.

सिडको_वायरमन
सोल्डर नको!! हा सेन्सर बाहेरची हवा वायरीच्या आतूनच घेतो, धूर आणि बाहेरची हवा यांच्यातल्या ऑक्सिजनचा फरक त्याला मोजायचा असतो. सोल्डर आणि फ्लक्स आत ओढला गेला की श्वास कोंडतो आणि रीडिंग बिघडतं. क्रिम्प करायचं (म्हणजे धातूच्या नळीत दाबून वायर जोडायची), वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी). ग्रीस, सिलिकॉन काही भरायचं नाही.

रंग: बॉशमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी ग्राउंड. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. म्हणजे एकाची काळी दुसऱ्याच्या काळीला जोडली तर बोंब. रंगाला रंग नाही, कामाला काम जोडायचं. हीटरच्या दोन वायर उलटसुलट चालतात. कापायच्या आधी फोटो काढून ठेवा.

नाशिकरोड_किशोर
यूट्यूबवर बघितलं एक जण हीटरच्या जागी दहा ओहमचा रेझिस्टर लावतो, लाइट बंद. वीस रुपयांत काम. कुणी केलंय का?

तात्या_पंचवटी
किशोर, लाइट बंद झाला, सेन्सर गारच राहिला ना? मग पेट्रोल वाचलं कुठे? शिवाय 14 व्होल्टला दहा ओहम म्हणजे जवळजवळ 20 वॉट, तो वीस रुपयांचा रेझिस्टर बॉनेटखाली भाजून निघेल, शेजारची वायर घेऊन. असले व्हिडिओ बघून गाड्या जळतात आणि मग लोक सीएनजी किटच्या नावाने बोटं मोडतात.

गंगापूररोड_डिझेल
धागा चाललाच आहे तर विचारतो. 1.3 डिझेल पुंटो, एअरफ्लो सेन्सर मागतायत, महाग आहे.

तात्या_पंचवटी
तुमचं सोपं आहे. ते 1.3 मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा सगळ्यांत होतं. सेन्सरवरचा नंबर जुळला तर तोच घ्या, डब्यावर कुणाचं नाव आहे ते बघू नका. नंबर नाही जुळला तर घेऊ नका, कारण पॉवरप्रमाणे सेन्सर बदलतो. पण त्याच्याही आधी एमएएफ क्लीनरचा (म्हणजे एअरफ्लो सेन्सर साफ करायचा) स्प्रे मारून बघा, अर्धे तेवढ्यानेच सुधारतात. कार्ब क्लीनर नाही, आणि आतल्या तारेला बोट किंवा कापूस लावायचा नाही. एअर फिल्टर कधी बदलला होता?

गंगापूररोड_डिझेल
आठवत नाही

तात्या_पंचवटी
मग तोच आधी.

इंदिरानगर_पेट्रोलवाला
युनिव्हर्सल आणतोय, रविवारी घरीच बसवायचा विचार आहे. जुना निघेल का पण? सतरा वर्षांत कुणी हात लावला नसेल.

सिडको_वायरमन
इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा आणि कोमट असताना उघडा, गार असताना जोर लावला तर मॅनिफोल्डचे (इंजिनाच्या धुराच्या पाइपचे) आटे घेऊन येतो. 22 चा पाना, खाचेचा सॉकेट मिळाला तर उत्तम, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. नव्याच्या आट्यांना बहुतेक वेळा राखाडी पेस्ट लावूनच येते, ती पुसू नका आणि टोकाला लागू देऊ नका. बसवल्यावर कोड क्लिअर करा, आणि दुकानदाराकडून बिल घ्या हो, डुप्लिकेट डब्यांचा सुळसुळाट आहे.