मदत हवी आहे: पार्टिशनच्या स्क्रीनवर नीडल जुळत नाही

नमस्कार मंडळी. नाशिकला आम्ही तिघं लिनक्स इन्स्टॉलरच्या टेस्ट ओपनक्यूएवर (स्क्रीन पाहून आपोआप टेस्ट करणारं टूल) चालवतो. त्यात स्क्रीन 'नीडल'शी, म्हणजे आधी घेतलेल्या नमुना चित्रातल्या ठरावीक भागांशी (एरिया), ताडून पाहिली जाते. बाकी स्क्रीन नीट जुळतात, अडतं ते डिस्क पार्टिशनपाशी. डिस्क १५ऐवजी २० जीबीची दिली की यादीतला आकडा बदलतो आणि टेस्ट फेल.

आकड्यांवर एक्सक्लूड एरिया (तुलनेतून वगळायचा भाग) टाकून पाहिला. मॅच (किमान किती साम्य हवं ते) ९६ टक्क्यांवरून ९०वर आणला, तर 'व्हीडीए१' आणि 'व्हीडीए२' या पार्टिशनच्या नावांमधला फरकच कळेना. भलतंच पार्टिशन डिलीट झालं तरी ती पायरी पास! फेल होण्यापेक्षा हे घातक.

क्यूईएमयू (टेस्टचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), १०२४ × ७६८ रिझोल्यूशन आणि फॉन्ट कायम आहेत. दर साइझला वेगळी नीडल सांभाळणं झेपणार नाही. शेवटी एलएसबीएलके या डिस्क-पार्टिशनची यादी दाखवणाऱ्या कमांडने लेआउट तपासतो, पण तोवर इन्स्टॉल उरकलेलं असतं.

एरिया फक्त पार्टिशनच्या नावाएवढा छोटा ठेवून ओळ कीबोर्डने निवडली, तर बरोबर ओळच निवडली गेली हे डिलीट करण्याआधी खात्रीने कसं तपासायचं?