जकार्डचे पत्ते वापरून पाहा
स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळासारख्या दिसणाऱ्या कल्पित वस्तू आणि गोष्टींची शैली. काहींचं म्हणणं आहे की ती म्हणजे नुसती घड्याळाची चाकं पेटीवर चिकटवणं, आणि ते इंग्रजांच्या व्हिक्टोरिया काळाचं वेड, आपलं त्यात काही नाही. पहिलं मला पटतं. जे चाक कशालाच फिरवत नाही, ते नुसतं नक्षी होऊन बसतं. दुसरं मात्र अजिबात पटत नाही, निदान सोलापुरात राहून तरी. १८७७ च्या सुमाराची 'जुनी मिल' ही कापडगिरणी याच गावातली, आणि आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणली जाते. जकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची युक्ती वापरून हे यंत्र बनवलं. भोक असेल तिथे सुई आत जाते, ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. तीच युक्ती इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली, आणि स्टीमपंकवाल्यांचं तर ते यंत्र दैवतच!

सोलापूरच्या पूर्व भागात कापडाचे कारखाने इलेक्ट्रॉनिक जकार्डकडे वळले की जुने पत्ते रद्दीत जातात. मी त्यांची वह्यांची वेष्टनं करते. पत्ते मुळात दोरीने ओवलेले असतात, त्यामुळे शिवायची भोकं तयारच मिळतात. गोंद लावू नका, तेलकटपणामुळे धरत नाही. मेणाचा जाड दोरा घ्या.