मदत हवी आहे: कॅगलवरच्या शिकण्याचा नोकरीत उपयोग कसा करून घ्यायचा?

नमस्कार मंडळी. मी रिपोर्टिंगच्या कामात आहे, दिवसभर एक्सेल. आता डेटा ॲनालिसिसकडे वळायचंय म्हणून कॅगल या डेटा सायन्सच्या स्पर्धांच्या संकेतस्थळावर शिकतेय (२०१७ पासून ते गूगलकडे आहे).

नवख्यांसाठीची टायटॅनिक स्पर्धा केली. प्रवाशाचं वय, लिंग, तिकिटाचा वर्ग वगैरेंवरून कोण वाचलं असेल ते ओळखायचं. पण खरं शिकायला मिळालं ते इतरांची नोटबुक्स (कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकत्र असलेली पानं) वाचताना. वयाचे रिकामे रकाने एकाने सरसकट सरासरीने भरलेले, तर दुसऱ्याने नावापुढचं ‘मिस्टर’, ‘मास्टर’ बघून आधी गट पाडलेले, कारण ‘मास्टर’ म्हणजे लहान मुलगा! कोर्सच्या व्हिडिओत हे कधी दिसलं नव्हतं.

तर विचारायचं होतं की नोकरी देणारे कशाला वजन देतात, तिथल्या पदकांना की स्वतः निवडलेल्या डेटावरच्या एखाद्या नेटक्या कामाला? मला दुसरंच पटतं, पण मुलाखती घेणाऱ्यांनी सांगावं. आणि आपलं नोटबुक टाकल्यावर नुसतं ‘छान’ न म्हणता चुका दाखवणारी माणसं कशी मिळवायची?

दर आठवड्याला एकमेकांचा कोड तपासायला कोणी तयार असेल तर जरूर कळवा. पायथॉन जेमतेम येत असलं तरी चालेल, चिकाटी हवी.