बारा गावचे पाणी प्यायलेला आउटफिल्डर

दर दीड-दोन वर्षांनी ज्याचा संघ बदलतो तो खेळाडू कोणालाच नको असतो, हे मत मला अर्धेच पटते. तो कायमचा कोणालाच नको असेल, पण ऐन गरजेच्या वेळी कोणाला तरी हवा असतोच. कॅनडाचा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागात क्षेत्ररक्षण करणारा) मॅट स्टेअर्स १९९२ ते २०११ या काळात मेजर लीग या उत्तर अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेत बारा फ्रँचायझींकडून (संघसंस्थांकडून) खेळला आणि मध्यंतरी जपानच्या चुनिची ड्रॅगन्समध्येही जाऊन आला. तो अगदीच सामान्य होता असेही नाही, कारण १९९९ मध्ये ओकलंडसाठी त्याने ३८ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे, चेंडू थेट सीमेबाहेर धाडणारे फटके) मारले होते.

या मतात राहून गेलेला मुद्दा पिंच हिटिंगचा, म्हणजे दुसऱ्या फलंदाजाच्या जागी येऊन बॅटिंग करण्याचा आहे. बेसबॉलमध्ये ज्याच्या जागी दुसरा फलंदाज येतो तो त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे दोन-अडीच तास बाकावर बसून, अंग गार पडलेले असताना, एकाच खेपेत ताज्या दमाच्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) तोंड देणे हे वेगळेच कसब आहे (आपल्याकडच्या बाराव्या खेळाडूशी याची तुलना करू नये). असे बदली येऊन मारलेले २३ होमरन स्टेअर्सच्या नावावर आहेत आणि तो विक्रम आहे. ऑगस्ट २००८ च्या अखेरीस फिलाडेल्फियाने त्याला घेतले, तेव्हा तो चाळिशीचा होता. ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध, ५-५ अशी बरोबरी असताना, आठव्या इनिंगमध्ये त्याने जोनाथन ब्रॉक्स्टनचा वेगवान चेंडू उजवीकडच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि पुढे त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम लढत) फिलाडेल्फियाने जिंकली.