मदत हवी आहे: मांडवा ते तेरेखोल, महामार्गाला चाक न लावता (वाहन: स्प्लेंडर, २००६)

चोकवाला

नमस्कार मंडळी,

वय ५१, मुक्काम डोंबिवली. आजवर कोकणात जाणं म्हणजे एकतर रेल्वे, नाहीतर मुंबई-गोवा महामार्ग. महामार्गावरून जाताना सगळ्या चांगल्या गावांच्या पाट्या उजवीकडे वळतात. श्रीवर्धन उजवीकडे, दापोली उजवीकडे, गुहागर उजवीकडे. आपण मात्र धूळ खात सरळ. यंदा या पाट्यांच्या दुसऱ्या टोकांवरून जायचं ठरवलंय. म्हणजे रेवस-रेडी सागरी मार्ग, जेवढा आहे तेवढा, आणि जिथे नाही तिथे गावातले रस्ते.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, २००६ ची. पहिल्या मालकाची, म्हणजे माझीच. लिटरला अजून ५५ देते. चोक ओढल्याशिवाय सकाळी ऐकत नाही, बाकी तक्रार नाही. ऑफिसातल्या पोरांनी मोठी गाडी भाड्याने घ्यायचा सल्ला दिला, तो कानाआड केलाय. तुम्हीही देऊ नका.

निघायचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. (तारखेऐवजी तिथी सांगतोय कारण रजेचा अर्ज आईने कॅलेंडर बघून ठरवला.) बेत असा:

पहिला दिवस: भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीने मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड, आगरदांड्याला फेरी (खाडीपलीकडे गाड्या नेणारी बोट), दिघी, दिवेआगरला मुक्काम.
दुसरा दिवस: शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला-वेशवी फेरी, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. मुक्काम तिथेच कुठेतरी.
तिसरा दिवस: दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी.

इथे गोम आहे. चौथ्या दिवशी पहाटे सौ. कोकणकन्या एक्स्प्रेसने रत्नागिरीला उतरणार आणि पुढे माझ्या मागे बसून तेरेखोलपर्यंत येणार. पहिले तीन दिवस तिला रजा नाही. म्हणजे तिसऱ्या रात्री मी रत्नागिरीत पाहिजेच. पहाटे साडेपाचला स्टेशनवर बायकोला एकटं उभं ठेवलं तर पुढचा प्रवास कसा होईल ते विवाहितांना सांगायला नको.

प्रश्न असे. हा वेग जमेल का? नकाशात पाहिलं तर रोजचे १०० ते १३० किमीच होतात, म्हणून मला तरी आरामात वाटतंय. फेरीत चढताना ओहोटी असेल तर जेटीवर गाडी घसरते म्हणतात, त्याची धास्ती आहे. माझी गाडी ट्यूबवाली आहे, दोन्ही ब्रेक ड्रमचे. पंक्चर आणि पेट्रोलचं काय करावं? रत्नागिरीच्या पुढे कुठून जावं याचा अजून अभ्यास नाही. आणि परत येताना गाडी रेल्वेत टाकता येते का?

खाडीपलीकडे

चोकवाला, गाव गुहागर तालुक्यात, म्हणून हक्काने लिहितो. तुमचं गणित किलोमीटरचं आहे, इथे ते चालत नाही. इथे खाड्या मोजायच्या. दिवसाला एक खाडी आरामात, दोन जमतात, पण दुसरीला पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असतं. तुमच्या तिसऱ्या दिवशी दाभोळ आणि जयगड अशा दोन आहेत, त्यातली दुसरी संध्याकाळी, आणि त्याच रात्री रत्नागिरी गाठायची सक्ती. तिथेच फसाल.

रस्ता कसा आहे ते सांगतो. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, झाडाचं नाव नाही. मग एकदम वळणावळणाचा उतार, खाली वाडी, माडाची सावली, साकव किंवा पूल, पुन्हा चढ. हे दिवसभर. वाडीतून जाताना गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) मधून एक गाडी जाईल एवढीच वाट, समोरून एसटी आली की तुम्हीच मागे घ्यायचं. ताशी २५-३० च्या वर सरासरी धरू नका.

फेरी चुकली की काय होतं ते मी भोगलंय. एकदा दाभोळला शेवटची फेरी डोळ्यांदेखत सुटली. पलीकडचे धोपाव्याचे दिवे दिसत होते आणि मला दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा वळसा घालावा लागला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, रात्रीचे, मध्ये एक रानडुक्कर. तेव्हापासून मी मुक्काम नेहमी खाडी ओलांडूनच करतो. दिवस संपायच्या आत पलीकडे जा, मग झोपा. सकाळी उठल्यावर फेरीची टांगती तलवार नाही.

म्हणून: पहिल्या दिवशी दिवेआगर बरोबर, दिघीची खाडी मागे पडलेली असते. दुसऱ्या दिवशी हर्णैला थांबू नका. बागमांडला सकाळी लवकर उरका, केळशी-आंजर्ले करा, आणि चारच्या सुमारास दाभोळला पोचून धोपाव्याला उतरा. गुहागरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी मग एकच खाडी राहते, तीही दुपारी. हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन, बामणघळ बघूनही पाच वाजता रत्नागिरीत असाल.

चोकवाला

खाडी ओलांडून झोपायचं. हे कुठल्याच नकाशात नव्हतं. पण मग हर्णैचा मासळीचा लिलाव बुडाला का?

खाडीपलीकडे

संध्याकाळचा बुडाला. लिलाव हवा असेल तर पंचमीऐवजी चतुर्थीला निघा आणि रजा एक दिवस वाढवा. दोन्ही मिळत नाही.

पाण्यातला_दगड

ओहोटीबद्दल. आमच्याकडे होड्या आहेत, त्यामुळे तिथीवरून लगेच सांगता येतं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण अर्ध्या तासाच्या फरकाने काम भागतं. खाली मालवणकडे भरती थोडी आधी लागते.

आता तुमचं बघू. दुसऱ्या दिवशी षष्ठी, म्हणजे साडेचारला भरती. दाभोळला चार-साडेचारला पोचलात तर पाणी काठोकाठ, जेटीचा उतार आखूड, काही त्रास नाही. सकाळी वेशवीला मात्र साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणून बागमांडल्याला आठ-साडेआठला हजर राहा. सप्तमीला जयगड: सव्वापाचला भरती, दुपारी दोनला पाणी चढतंच असेल. आणि मुळात सप्तमी-अष्टमी म्हणजे भांगाचं पाणी. भरती फार वर येत नाही, ओहोटी फार खाली जात नाही. उधाण अमावास्या-पौर्णिमेला. तेव्हा ओहोटीला जेटीचा तळाचा शेवाळलेला भाग उघडा पडतो, तिथे माणसं घसरतात. आईंनी तिथी चांगली काढली आहे.

तरी चढताना एक करा. रॅम्पवर पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली सोडून, पुढचा ब्रेक अजिबात न दाबता. लोखंडी पत्रा ओला असतो. घाई करू नका, फेरीवाले दुचाकी शेवटीच कोपऱ्यात घेतात.

चोकवाला

आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "मला ते पाऊणपट माहीत आहे, मला कोणी विचारलं नाही." तिचं माहेर वसईचं.

गॅरेजवाला_बंड्या

स्प्लेंडर काढताय म्हणून आनंद झाला. पेट्रोलची काळजी सोडा. दहा लिटरची टाकी भरली की तुमच्या ५५ च्या हिशोबाने अर्ध्याहून जास्त प्रवास होतो. अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, सगळीकडे पंप आहेत. टाकी अर्धी झाली की भरा.

निघायच्या आधी दोन्ही ब्रेक शू नवे टाका. जुने बरे दिसले तरी टाका, कारण हा प्रवास अर्धा उतारावरचा आहे. उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवायची सवय असेल तर ती डोंबिवलीतच ठेवून जा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरा, ड्रम तापला की ब्रेक कापसासारखा लागतो. क्लच केबल नवी घ्या आणि जुनीच्या शेजारूनच ओवून टेपने बांधून ठेवा. तुटली तर दोन टोकं बदलली की पाच मिनिटांत गाडी चालू. प्लग, प्लगपाना, हातपंप, दोन टायर लिव्हर. तुमच्या दोन्ही चाकांना २.७५-१८ चीच ट्यूब लागते, म्हणून एक जादा ट्यूब दोन्हीला पुरते. मोठ्या गाडीवाल्यांना ही चैन नाही.

बाकी काही बिघडलं तर काळजी नको. या गाडीचा भाग मिळत नाही असं कोकणात गाव नाही. एखाद्या वाडीत मेकॅनिक नसेल, पण स्प्लेंडर खोलता येणारा माणूस असतोच.

आणि वाळूवर गाडी नेऊ नका. काशीदला, दिवेआगरला मोह होतो. खारं पाणी चेनमध्ये गेलं की महिन्याभरात गंज, शिवाय रुतली तर पोरं फोटो काढतात.

मालवणी_खाजा

रत्नागिरीच्या पुढचा मी सांगतंय. फेरी विसरा, पुढे सगळे पूल आसत, अगदी तेरेखोल येईसर.

मराठीत लिहितो, नाहीतर मुंबैकरांना कळायचं नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावस, मग पूर्णगड. मुचकुंदीचा पूल झाला की गावखडी, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे, नाटे, जैतापूर. आडिवऱ्याची महाकाली चुकवू नका. जैतापूरपासून विजयदुर्ग जवळ वाटतो, पण मध्ये वाघोटणची खाडी आहे, तिला आतून वळसा घालून पुलावरून यावं लागतं. त्या दिवशी विजयदुर्गलाच थांबा. किल्ला सकाळी बघा.

दुसऱ्या दिवशी देवगड, तारामुंबरीच्या पुलावरून कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण. इथे लोक हमखास फसतात ते देवबागला. देवबागच्या टोकावरून समोर भोगवे दिसतं, हात लांबवला तर लागेल असं. पण मध्ये कर्ली खाडी आहे आणि गाडी पलीकडे नेता येत नाही. देवबागाक गेलास तर परत त्याच वाटेन फिराक लागतला. मालवणातून नेरूरपारचा पूल धरून परुळे, म्हापण, वेंगुर्ला.

वेंगुर्ल्यापुढे मोचेमाड, आरवलीचा वेतोबा (देवाला चपला वाहतात, त्या बघाच), शिरोडा, रेडी. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा हेच, मिठागरं रस्त्यावरून दिसतात. रेडीच्या पुढे तेरेखोलचा किल्ला. नदीच्या अलीकडे, पण हद्द गोव्याची. पलीकडे केरीला जायचं तर गोव्याची फेरी आहे.

जेवणाचं एक. वाड्यांमध्ये हॉटेल शोधत हिंडू नका. सकाळी निघतानाच पुढच्या गावच्या घरगुती खानावळीला फोन करून ताटं सांगायची. न सांगता दीड वाजता गेलात तर चहा-बिस्किटावर भागवाल. खाडीच्या तळाला मोबाइलला रेंज नसते, म्हणून फोन सड्यावरूनच करायचा. सुट्टे पैसेही ठेवा.

चोकवाला

खाजाभाऊ, हे छापून टाकीवर चिकटवतो. परतीचं कोणी सांगेल का?

गॅरेजवाला_बंड्या

गाडी रेल्वेने पाठवायची तर मडगावला जा. सावंतवाडी-कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात मोटारसायकल चढवायला कोणी तयार होत नाही. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, गोणपाटात बांधून देणारे स्टेशनबाहेर असतात. आरसे आधीच काढून घ्या. नाहीतर सरळ आंबोली घाट चढून निपाणी, कोल्हापूर, पुणे. घाटानंतर रस्ता कंटाळवाणा, पण गाडी आपल्याजवळ राहते.

मागच्या_सीटवरून

सगळ्यांनी गाडीचं सांगितलं, मागे बसणारीचं कोणी बोललं नाही. मी दोनदा नवऱ्यामागे बसून मालवणला गेले आहे, एकदा अशाच गाडीवर.

चोकवाला, सीट नवी करून घ्या. २००६ चा फोम बसला असणार, तुम्हाला कळत नाही कारण तुम्ही पुढे बसता. मागचे शॉकअप एक खाच वर घ्या. सामान मागच्या कॅरिअरवर रचून वहिनींच्या पाठीला टेकू देऊ नका, दर खड्ड्याला ते ढकलतं. दोन बाजूंना दोन पिशव्या, बस. दर ४० किलोमीटरला उतरायचं, तिने सांगायच्या आधी. चौथा दिवस त्यांचा रात्रभर गाडीत गेल्यानंतरचा आहे. स्टेशन कुवारबावला आहे, गावापासून लांब. आधी त्यांना खोलीवर आणा, झोपू द्या. त्या दिवशी पावसच्या पुढे जाऊच नका.

चोकवाला

झालं, मग विजयदुर्ग एक दिवस पुढे ढकलावा लागेल आणि रजा पुरत नाही. तेरेखोल गाळून शिरोड्याहून मागे फिरलो तर?

मालवणी_खाजा

शिरोड्यापासून तेरेखोल अर्ध्या तासावर आहे हो. देवबाग गाळा.

मागच्या_सीटवरून

वहिनींना विचारलंत का, काय गाळायचं ते?

चोकवाला

आत्ता विचारलं. ती म्हणते देवबाग गाळ, आरे-वारे तू तिसऱ्या दिवशी एकटा बघू नकोस, तो माझ्यासाठी ठेव. म्हणजे जयगडहून आतल्या रस्त्याने थेट रत्नागिरी, आणि चौथ्या दिवशी झोप झाल्यावर दोघं उलटे आरे-वारेला. खाडीपलीकडे, जयगडहून निवळीला न जाता असा रस्ता आहे का? निवळीला गेलो तर महामार्गाला चाक लागेल.

खाडीपलीकडे

चाफे, जाकादेवी करत या. जाकादेवीला निवळीचा फाटा येईल, तो सोडा आणि उजवीकडच्या रस्त्याने रत्नागिरी विचारत जा. चाफ्याला चहा चांगला मिळतो.