स्ट्रिंग थिअरी मुळात कशासाठी शोधली होती? गुरुत्वाकर्षणासाठी की प्रोटॉनसाठी?

फळा_खडू
नमस्कार मंडळी, मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. परवा बारावीच्या तासाला एका मुलाने विचारलं, मॅडम स्ट्रिंग थिअरी कशी सुरू झाली? मी सांगून मोकळी झाले की आइनस्टाइनचं गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम मेकॅनिक्सचं जमत नव्हतं म्हणून कण हे बिंदू नसून बारीक दोऱ्या आहेत अशी कल्पना काढली. तर तो म्हणे, नाही, ती प्रोटॉन न्यूट्रॉनच्या बलासाठी होती आणि त्यात फेल गेली होती. मी म्हटलं बघून सांगते. आता दोन दिवस वाचतेय, १९६८ साल दिसतं, वेनेझियानो हे नाव दिसतं, पण सगळीकडे आधी एक फॉर्म्युला असतो आणि पुढच्याच ओळीत एकदम दोरी. मधली पायरी कोणी नीट सांगेल का? गणित चालेल, पण मुलांपुढे फळ्यावर मांडता आलं पाहिजे.

सोनोमीटर_७७
मॅडम, मुलगा बरोबर आहे. आणि मधली पायरी तर तुमच्याच लॅबमध्ये पडलीय, कशी ते सांगतो.

साठच्या दशकात अॅक्सिलरेटरमधून रोज नवे कण निघत होते. अणुगर्भातलं बल, म्हणजे स्ट्राँग फोर्स, ज्यांच्यावर चालतं असे हे कण इतके झाले की त्यातला मूलभूत कोण हेच कळेना. त्या सगळ्या गर्दीत एक गोष्ट मात्र फार सुंदर होती. कणाचं स्पिन, म्हणजे त्याचं अंगभूत अँग्युलर मोमेंटम, एका अक्षावर आणि मासचा वर्ग दुसऱ्या अक्षावर घेऊन ग्राफ काढला की एका कुटुंबातले कण जवळजवळ सरळ रेषेवर बसायचे. त्या रेषांना इटलीच्या तुल्लिओ रेज्जे यांचं नाव आहे. आता हे कण एकमेकांवर आदळले तर काय होईल हे सांगणारा, आणि या रेषा ज्यात आपोआप येतील असा फॉर्म्युला सगळ्यांना हवा होता.

तो १९६८ ला गाब्रिएले वेनेझियानो यांना मिळाला, वय फक्त २५. फॉर्म्युला कुठला, तर ऑयलरचं बीटा फंक्शन! आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या एम टू, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरमध्ये बीटा गॅमा सगळ्यांनी घोकलेलं असतं, तेच. लायब्ररीत जुनं पुस्तक चाळताना योगायोगाने सापडलं अशी गोष्ट फार फिरते, पण ती मुलांना सांगू नका, कारण ते आणि त्यांचे सहकारी आधी वर्षभर इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये याच प्रश्नाला भिडलेले होते आणि मग जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत असताना शेवटचं कोडं सुटलं. वर्षभराच्या मेहनतीला योगायोग म्हटलेलं मला पटत नाही.

आता तुमची पायरी. या फॉर्म्युल्यात एक दोन नाही तर अगणित कण लपलेले होते आणि त्यांच्या मासच्या वर्गात सारखं अंतर, पायऱ्या पायऱ्यांसारखं. लोकांनी तो उलगडून बघितला तर आत अनंत हार्मोनिक ऑसिलेटर निघाले, आणि त्यांच्या फ्रिक्वेन्सी कशा, तर n, २n, ३n, ४n... हे कुठे बघितलंय आपण? सोनोमीटरच्या, म्हणजे लॅबमधल्या त्या ताणलेल्या तारेच्या उपकरणाच्या, तारेवर! १९६९-७० च्या सुमारास शिकागोत नाम्बू, कोपनहेगनला नीलसेन आणि न्यूयॉर्कला ससकिंड अशा तिघांना स्वतंत्रपणे एकच दिसलं, की हा फॉर्म्युला म्हणजे कंप पावणारी तार आहे. तार कोणी कल्पनेतून आणली नाही, फॉर्म्युल्यातून ती ऐकू आली म्हणा.

सरळ रेषेचं कारण तर फळ्यावर दोन ओळीत होतं. ताण सगळीकडे सारखा असलेली दोरी घ्या आणि गरागरा फिरवा, टोकं प्रकाशाच्या वेगाने. ताण सारखा म्हणून ऊर्जा लांबीच्या प्रमाणात, म्हणजे मासही लांबीच्या प्रमाणात. आणि अँग्युलर मोमेंटम म्हणजे मास गुणिले वेग गुणिले लांबी, वेग ठरलेला, म्हणून ते लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजेच स्पिन मासच्या वर्गाच्या प्रमाणात. झाली रेषा! त्या रेषेच्या चढावरून दोरीतला ताण काढला तर साधारण १६ टन वजन टांगल्याएवढा येतो, आणि दोरीची लांबी प्रोटॉनएवढी, हे मुलांना नक्की सांगा.

फळा_खडू
सोनोमीटर! खरंच डोळ्यासमोर होतं. खूप आभार सर. मग हे इतकं छान जमत होतं तर फेल का गेलं?

सोनोमीटर_७७
तीन चार अडचणी एकदम आल्या. १९७१ ला लव्हलेस यांनी दाखवलं की हे गणित २६ मितींमध्येच धड चालतं. मग रामों, नव्ह आणि श्वार्ट्झ यांनी फर्मिऑन, म्हणजे इलेक्ट्रॉन, प्रोटॉनसारखे कण, घालता येतील अशी आवृत्ती केली तर मिती १० वर आल्या, म्हणजे तरी सहा जास्तच. पहिल्या आवृत्तीत टॅकिऑन निघत होता, ज्याच्या मासचा वर्गच ऋण. प्रयोगातूनही उलट पुरावा येत होता. स्टॅनफर्डला प्रोटॉनवर इलेक्ट्रॉन आदळले तर ते असे उसळून आले की आत बारीक कडक दाणे असावेत, आणि दोरी तर मऊ, जोराच्या धडकेत तिचं उत्तर खूपच कमी येतं. मग १९७३ ला ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांचं काम आलं, क्वार्क (प्रोटॉनच्या आतले कण) आणि ग्लुऑन (त्यांना बांधून ठेवणारे कण) यांची थिअरी उभी राहिली, नोबेल २००४ ला मिळालं, आणि दोरीवाले बहुतेक सगळे तिकडे गेले.

पण खरी नडत होती ती वेगळीच गोष्ट, आणि मला या सगळ्या इतिहासात हीच सगळ्यात जवळची वाटते. बंद दोरी, म्हणजे कड्यासारखी, तिच्या कंपनांत एक कण यायचा ज्याला मास शून्य आणि स्पिन २. स्ट्राँग फोर्समध्ये असा कणच नाही. लोकांनी तो घालवायचा खूप प्रयत्न केला, जाईना. १९७४ ला शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी, आणि जपानमध्ये योनेया यांनी वेगळं, म्हटलं की तो घालवताय कशाला, मास शून्य आणि स्पिन २ म्हणजे तर ग्रॅव्हिटॉन, गुरुत्वाकर्षण वाहून नेणारा कण! फक्त दोरी प्रोटॉनएवढी धरायची नाही, त्याच्याहून २० शून्यांनी लहान, १० च्या उणे ३५ व्या घाताएवढे मीटर. म्हणजे मॅडम, तुम्ही वर्गात सांगितलं तेही खरं, फक्त ते १९७४ नंतरचं.

आणि हे म्हटल्यावर जग धावत आलं असं नाही. दहा वर्षं जवळपास कोणी बघितलं नाही. शेर्क १९८० लाच गेले, फार लवकर. श्वार्ट्झ कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला कायम नोकरीशिवाय काम करत राहिले, क्वार्कची कल्पना मांडणारे गेल-मान पाठीशी होते म्हणून निभावलं. १९८४ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या अॅस्पेनला त्यांनी आणि मायकेल ग्रीननी दाखवलं की थिअरीत जी विसंगती राहील असं सगळे धरून बसले होते ती पूर्ण कटते, पण अट अशी की गेज ग्रुप, म्हणजे बलांची सममिती सांगणारा गणिती गट, त्यातल्या जनरेटरची संख्या ४९६ पाहिजे. ३२ गुणिले ३१ भागिले २, बघा करून. ते झाल्यावर मात्र प्रिन्स्टनच्या एडवर्ड विटेनसकट सगळे धावले.

बीमलाइन
मी प्रयोगाच्या बाजूचा, त्यामुळे थोडं माझंही ऐका. इतिहास वर अगदी बरोबर सांगितलाय, पण मुलांना हेही सांगा की आजपर्यंत एकाही प्रयोगाने स्ट्रिंग थिअरीला दुजोरा दिलेला नाही. सर्नच्या एलएचसी या अॅक्सिलरेटरमधली टक्कर १३ हजार जीईव्हीच्या (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) घरात, आणि या दोऱ्या थेट दिसायला लागेल ती ऊर्जा १० च्या १९ व्या घाताएवढी जीईव्ही. सुपरसिमेट्रीचे, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाचे जोडीदार असलेले, कण एलएचसीत मिळतील अशी मोठी आशा होती, २०१२ ला हिग्ज कण मिळाला पण ते नाही मिळाले. वरून जादा सहा मिती गुंडाळायचे मार्ग इतके की १० चा ५०० वा घात असा आकडा सांगतात, मग आपलं विश्व त्यातलं कुठलं? माझ्या मते १९६८ ची दोरी प्रयोगाच्या ग्राफमधून आली म्हणून ती चूक आहे हे पाच वर्षांत कळू शकलं. आताच्या दोरीबद्दल ते कसं कळणार याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कुलाबा_लोकल
यात मुंबई कोणी आणली नाही म्हणून लिहितो. १९८४ नंतर एकाच्या पाच थिअरी झाल्या आणि लोक हैराण, एकमेव म्हणायचं आणि पाच निघायच्या. १९९४ ला अशोक सेन यांनी कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये असताना एक पेपर लिहिला, त्यात दुबळ्या आणि जोरदार कपलिंगची (म्हणजे कणांमधल्या परस्परक्रियेच्या ताकदीची) अदलाबदल, ज्याला ड्युअॅलिटी म्हणतात, तिचा भक्कम पुरावा दिला. लोकांचा त्यावर विश्वास बसायला तो पेपर फार महत्त्वाचा ठरला आणि १९९५ ला विटेननी लॉस एंजेलिसला मांडलं की पाचही एकाच ११ मितींच्या थिअरीची रूपं आहेत. २००१ ची जागतिक स्ट्रिंग्ज परिषद मुंबईतच झाली, हॉकिंग आले होते. आणि आपले अतिश दाभोळकर, ज्यांनी कृष्णविवरांच्या एंट्रॉपीची मोजणी दोऱ्यांच्या हिशोबाने करण्यावर इतकं काम केलंय, ते टीआयएफआरला होते आणि २०१९ ला इटलीत त्रिएस्तेच्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचे संचालक झाले. वर्गात ही नावं जरूर घ्या, मुलांना वाटतं हे सगळं प्रिन्स्टनलाच होतं.

फळा_खडू
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या सोनोमीटर वर्गात नेणार आहे आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगणार की तू बरोबर होतास. ४९६ बघून एकदम लक्षात आलं, १+२+४+८+१६+३१+६२+१२४+२४८, भाजकांची बेरीज तेवढीच, परिपूर्ण संख्या! त्याला काही अर्थ आहे की नुसताच योगायोग? आणि शेवटचं, प्रोटॉनमध्ये दोरी नाहीच असं सांगू ना?

सोनोमीटर_७७
परिपूर्ण संख्येचा भौतिकशास्त्राशी संबंध नाही, पण मुलांना आवडेल, सांगा.

दोरी नाहीच असं मात्र सांगू नका. क्वार्क आणि अँटीक्वार्क ओढून लांब न्यायला गेलं तर त्यांच्यामधलं ग्लुऑनचं क्षेत्र पसरत नाही, अरुंद नळीसारखं गोळा होतं आणि त्यात ताण जवळपास सारखाच राहतो, कॉम्प्युटरवरच्या लॅटिस गणनेतही, म्हणजे अवकाशाचे चौकोनी जाळे धरून केलेल्या हिशोबातही, हेच दिसतं. म्हणून कणांच्या त्या रेषा सरळ यायच्या. फार ताणली तर नळी तुटते आणि तुटलेल्या टोकांना नवीन क्वार्क अँटीक्वार्क तयार होतात, म्हणून एकटा क्वार्क हाताला लागत नाही. चुंबक मोडला तरी दोन्ही तुकड्यांना उत्तर दक्षिण राहतात, हे उदाहरण देता येईल. १९९७ ला तर माल्दासेना यांनी मांडलं की ग्लुऑनसारखी एक थिअरी आणि जास्त मितीतली दोऱ्यांची थिअरी ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं असू शकतात, आणि तेव्हापासून काही लोक पुन्हा त्याच १९६८ च्या प्रश्नावर काम करतायत.