लाइट चालू असताना कांद्याचा रस, द्राक्षबियांच्या कॅप्सूल दिल्या तर पेशी वाचतात का?

निफाडची_लेक
आईचं स्तनाचं ऑपरेशन झालं, आता नाशिकला २५ लाइट (रेडिएशनचे शेक) सांगितल्यात. ११ झाल्या. रोज सकाळी निफाडहून मीच नेते-आणते. सोमवारच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी ५,९०० वरून ३,४०० वर आल्या, त्यातल्या लिम्फोसाइट जातीच्या तर निम्म्याहून खाली. तेव्हापासून घरात प्रत्येकाचा वेगळा उपाय. मावशी लाल कांद्याचा रस काढते, शेजारच्या काकांनी द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूल आणून दिल्या, कुणी तुळशीचे थेंब सांगतं. म्हणे यातले फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींतली एक जातीची द्रव्यं, रेडिएशनपासून रक्त वाचवतात. कांदा, द्राक्ष दोन्ही आमच्याच मळ्यातले, म्हणून मलाही मोह होतो. आई मात्र रस पाहिला की तोंड फिरवते. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा ना.

काचपट्टी
ताई, बावीस वर्षं नाशिकच्या लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड पाहतोय. आकडे पाहून घाबरू नका. रक्तातल्या पेशींत रेडिएशनचा मार सगळ्यात आधी लिम्फोसाइटला बसतो. लाल पेशीत केंद्रकच नाही आणि ती साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे हिमोग्लोबिन लगेच ढासळत नाही. किती उतरलं तर थांबायचं, ते डॉक्टर बघतात.

फ्लेव्होनॉइडची गोष्ट हवेतली नाही. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे आक्रमक कण निघतात आणि डीएनएवर तुटून पडतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन, तुळशीतलं ओरिएंटिन आणि व्हायसेनिन ही फ्लेव्होनॉइड त्या रॅडिकलना हायड्रोजन देऊन शांत करतात. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजात तुळशीच्या या दोन द्रव्यांवर काम झालंय. माणसाच्या रक्तात आधी द्रव्य मिसळलं, मग गॅमा किरण दिले, तर लिम्फोसाइटच्या गुणसूत्रांची मोडतोड कमी झाली. अशी मोडतोड मी शिकताना स्वतः पाहिलीय. मोठ्या जांभळ्या केंद्रकाशेजारी मोहरीसारखा एक बारीक गोल, म्हणजे तुटून मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा. एकदा ओळखला की नजर तोच शोधत राहते.

पण यातलं 'आधी' विसरू नका. रॅडिकल डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आत आपलं काम उरकतो, द्रव्य त्याच क्षणी पेशीत हवं. ती प्रयोगशाळेतल्या बशीतली गोष्ट. पोटातून क्वेर्सेटिन रक्तात थोडंच जातं, तेही आतड्यात आणि यकृतात रूप बदलून.

मला खरी काळजी वेगळीच आहे. जे चांगल्या पेशीला वाचवेल, ते गाठीच्या पेशीलाही वाचवू शकतं. कॅनडात डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० रुग्णांवर झालेला अभ्यास २००५ साली छापून आला. त्यात जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या होत्या, फ्लेव्होनॉइड नव्हे. त्रास थोडा कमी झाला, पण त्याच जागी आजार परतण्याचा कल जास्त दिसला. म्हणून कॅप्सूल आजच बाजूला ठेवा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा. जेवणातला कांदा खुशाल खाऊ द्या.

लासलगावकर
आमच्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र आहे, २००२ पासूनचं. तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याची उगवण थांबवतात, ६० ते ९० ग्रेच्या आसपास डोस (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक). माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम ४-५ ग्रे पडले तर उपचाराविना निम्मे दगावतात. आता बघा, कांद्याच्या बाहेरच्या लाल पापुद्र्यांत क्वेर्सेटिन भरलेलं, तरी आतला कोंब मरतोच. वाढणाऱ्या पेशीपाशी ते हवं तेवढं नसतं ना. आणि हो, असा कांदा किरणोत्सारी होत नाही, ताईंनी ती भीती बाळगू नये.

निफाडची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. आज बाटली डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी लाइट संपेपर्यंत कॅप्सूल, रस, थेंब सगळं बंद सांगितलं आणि अंडी, डाळ वाढवायला सांगितली. मावशी थोडी हिरमुसली, तिला स्लाइडवरच्या मोहरीची गोष्ट सांगितली तेव्हा पटलं. दुपारी मी कांदा बुक्कीनं फोडून दिला, आईनं भाकरी-पिठल्याबरोबर अर्धा संपवला. गुरुवारी परत सीबीसी आहे. आकडे इथेच टाकते.